पांढरीचं अंथरूण

आमच्या हौदात आधी पांढरी द्राक्षं पडतात आणि मग वरून काळी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

लोकांना वाटतं, लाल वाईन म्हणजे नुसता काळ्या द्राक्षांचा खेळ. असते तशीही. पण आमच्याकडं तशी कधी केलीच नाही. वडील करायचे तेच आम्ही दोघं भाऊ करत आलो. पांढऱ्या द्राक्षांचे घडच्या घड हौदाच्या तळाला अंथरायचे आणि त्यावर काळी ओतायची. मग दोन्ही एकत्र फुटतात, एकत्र आंबतात, एकाच फेसात वर येतात. वाईन तयार झाल्यावर कुठून तरी पांढरी वाईन आणून तिच्यात ओतली तर ते काम होत नाही. ते म्हणजे दोन अनोळखी पाहुणे एका बाकावर बसवल्यासारखं. बोलणं होतं, सोयरीक होत नाही. आणि गंमत बघा, पांढरी घातल्यावर रंग फिका पडायला हवा की नाही? पडत नाही. उलट जास्त धरतो. का धरतो ते मला विचारू नका, माझी शाळा चौथीतच संपली. पुतणीला विचारा, ती त्यातलं शिकून आलीय.

वाटण्या झाल्या तेव्हा उतारावरची काळी थोरल्याकडं गेली आणि भिंतीलगतच्या पांढरीच्या ओळी माझ्याकडं आल्या. त्याचा उतार ऐसपैस, माझा तुकडा रुमालाएवढा. मी कुरकुर केली नाही. हौद दोघांचा राहिला, तेवढ्यावर मी खूश होतो. तसे आम्ही भाऊ फार बोलण्यातले नाही. म्हणजे मी आहे, तो नाही. वहिनी गेल्यापासून तर तो आणखीच मिटला. वर्षभर 'आभाळ आलंय का' आणि 'बघू' एवढ्यावर आमचं भागतं. पण तोडणीच्या दिवशी मी खाली अंथरायचो, तो वरून ओतायचा, आणि दर वेळी म्हणायचा, "तुझं अंथरूण, माझं पांघरूण." दर वेळी तोच विनोद, वडील असल्यापासूनचा. मी हसायचो, आणि खरं सांगू का, हसू यायचंही.

आणखी एक आमच्या घरची रीत होती. वाईन पिंपात मुरली की नळ उघडायचा, आणि पहिला पेला माझ्या हातात. का तर पांढरी माझी. मी वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि पांढरीनं काय केलं ते सांगायचं. बाकीच्यांनी ते ऐकायचं आणि मग आपापले पेले भरायचे. मीही मग रंगवून सांगायचो. "हे बघा, आधी नाकाशी जर्दाळू आला ना, ती माझी. मग घशात जड झालं, तो दादा." लोक हसायचे. आमची पिंपं दुरुस्त करणारा एक दोस्त आहे, त्याला आम्ही पिंपवालाच म्हणतो. तो म्हणायचा, "बिचारीला तोंड नाही, म्हणून हा वकील लावलाय."

आता पुतणी. थोरल्याची एकुलती एक. लहानपणी सगळ्यात गोड घड कुठं लागलाय ते तिला लांबून कळायचं, म्हणून मी तिचं नाव मुंगी ठेवलं. ते चिकटलं ते चिकटलंच. माझ्या खांद्यावर बसून मोठी झालेली पोर. वाईनचं शिक्षण घेऊन परत आली आणि एक दिवस शेडमध्ये माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, पांढरी काढून टाकूया का?"

"कुठून?"

"शेतातून. तिथं काळी लावू. बघ ना, तुझी आधी पिकते, बाबांची मागाहून. तुझी वेलावर सडू नये म्हणून बाबा दर वर्षी काळी लवकर तोडतात. कच्ची राहते ती. एवढ्याशा पांढरीसाठी."

"भाजीत मीठ किती घालतेस तू?"

"मीठ राहिलं तर कळतं, काका."

"मग हेही कळेल."

"कोणाला?"

"मला," म्हटलं. "मला कळेल. डोळे बांध आणि पाज."

थोरला तिथंच कात्र्यांना तेल देत बसला होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि परत तेल देऊ लागला. आमची ही भाजी निवडत होती, ती गालात हसली. मला वाटलं, मी बाजी मारली. मुंगीनं त्यानंतर तो विषय काढला नाही, म्हणून मला वाटलं विषय मिटला. शिकलेली माणसं गप्प बसली की ती पटलं म्हणून गप्प बसली असं समजू नये, एवढं मला आता कळतं.

त्या वर्षीची तोडणी आली. मी माझे घड आणले, हौदात उतरलो, अंथरूण घातलं. ते कसं घालतात सांगतो. फेकायचं नाही. घड हातात धरून देठ वर करून ठेवायचा, एकाला एक लागून, जसं बाळाखाली दुपटं टाकावं. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो. मी हौदातून वर आलो तर मला सरळ उभं राहता येईना. थोरल्याची काळी अजून उतारावरून यायची होती.

आमची ही म्हणाली, "घरी चला, पाठ बघा कशी झालीय."

"काळी पडू दे, मग जातो."

"काळी काय तुमच्याशिवाय पडायची नाही? भाऊजी आहेत, मुंगी आहे. चला."

घरी नेलं. जेवायला वाढलं. मग पालथं झोपवून पाठीला मलम चोळलं. एवढ्या मायेनं तिनं कधी चोळलं नव्हतं हो. मी म्हटलंसुद्धा, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "झोपा." मी झोपलो. गाढ झोपलो. उठून शेडवर गेलो तेव्हा हौद काठोकाठ भरलेला, वर काळी द्राक्षं चमकत होती. थोरला हात धूत होता.

मी म्हटलं, "माझं अंथरूण, तुझं पांघरूण." यावेळी मीच म्हटलं, कारण तो म्हणाला नव्हता.

तो म्हणाला, "हं."

मग हौद आंबायला लागला. ते दिवस मला सगळ्यात आवडतात. शेडभर वास, हौदात फसफस, साली फुगून वर आलेल्या. त्या लांब दांड्यानं खाली दाबायच्या असतात, नाहीतर वर वाळून आंबूस होतात. तो दांडा माझ्याकडं. मी रोज दाबायचो आणि रोज बडबडायचो. "मुंगे, ये, वास घे. आला का जर्दाळू? सांगत नव्हतो?" ती यायची, वास घ्यायची, म्हणायची, "हो काका." थोरला समोरून बादल्या घेऊन जायचा. आमची ही डबा घेऊन यायची आणि मी तिलाही हौदाशी ओढायचो. "बघ, फेसाला कसा गुलाबी रंग आलाय, पांढरीशिवाय येतो का असा?" ती म्हणायची, "जेवून घ्या."

सगळे ऐकून घेत होते.

नळ उघडायचा दिवस आला. आम्ही चौघं, आणि पिंपवाला नेहमीप्रमाणे. थोरल्यानं पहिला पेला भरला आणि माझ्या हातात दिला. देताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पण तो एरवीही कुठं बघतो?

मी वास घेतला. घोट घेतला. तोंडात फिरवला. आणि सांगायला लागलो.

"आली. आधी तीच आली. यंदा तर काय विचारूच नका, पांढरी जरा जास्तच बोलतेय. जर्दाळू आहे, वर थोडं मधाचं बोट आहे. मुंगे, तुझ्या बापाची काळी बघ कशी कोपऱ्यात बसलीय, तिला बोलूच देत नाहीये ही."

कोणी हसलं नाही. मला वाटलं विनोद कळला नाही, म्हणून परत सांगितला. पिंपवाला नळाखाली बोट धरून बघायला लागला, नळ गळत नसताना.

मुंगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा."

"तू सांग. तुझं होतं ते."

"आपलं होतं, असं ठरलं होतं."

"काय ते कोणीतरी सांगा," मी म्हटलं. मला वाटलं पिंपाला काही झालंय, चीर गेलीय.

थोरला म्हणाला, "धाकट्या, यात पांढरी नाहीये."

मी हसलो. "अरे, माझ्या हातानं अंथरली मी."

"अंथरलीस. आम्ही काढली."

बघा, माणसाला लगेच राग येत नाही. आधी आपण मूर्खासारखे हिशोब लावत बसतो. मी विचार करत होतो, काढली म्हणजे कशी काढली, हौद तर खोल आहे. म्हणून मी तेच विचारलं.

"कशी काढली?"

"फावड्यानं."

"कोणी?"

"मी," थोरला म्हणाला.

"फावडं तू मारलंस. वर बादली कोणी ओढली?"

"मी," मुंगी म्हणाली. "काका, सांगून केलं असतं तर तू मानलं असतंस का? तूच म्हणाला होतास, डोळे बांध आणि पाज."

"डोळे बांध म्हटलं होतं. हौद उपस म्हटलं नव्हतं." मग माझ्या लक्षात आलं की हौदात एक माणूस, वर ओढायला एक माणूस, तर मध्ये शिडीवर एक लागतो. नाहीतर बादली भिंतीला आपटते. "शिडीवर कोण होतं?"

पिंपवाल्यानं हात वर केले, म्हणाला, "मी नव्हतो हं. माझ्या शेडमध्ये फक्त ड्रम ठेवला."

"बादली मी धरली," आमची ही म्हणाली.

मी पेला खाली ठेवला. सांडू नये म्हणून नीट ठेवला, ते आठवतं.

मुंगी धावत जाऊन एक बाटली घेऊन आली. पांढरी फेकली नव्हती म्हणे. पिंपवाल्याच्या शेडमध्ये वेगळी आंबवली होती, एकटीच. "काका, ही बघ. ही तुझीच आहे. इतकी सुंदर झालीय, हिला कशाला त्या हौदात घुसमटवायचं? हिचं हिला नाव देऊ. तुझं नाव देऊ." पोर खरंच आनंदानं सांगत होती हो. तिला वाटत होतं, हे ऐकलं की काका खूश होईल.

तिनं ओतली, मी प्यायलो. चांगली होती. रस्त्यात भेटली असती तर मी ओळख दिली नसती.

मी उठून घरी आलो.

घरी ही मागोमाग आली. मी जेवलो नाही, तर तीही जेवली नाही. शेवटी मीच तोंड उघडलं.

"मला मलम लावलंस तू."

"पाठ दुखत होती तुमची."

"पाठ दुखत होती म्हणून लावलंस, की झोपवायचं होतं म्हणून?"

तिनं जरा विचार केला. "दोन्ही," म्हणाली.

खोटं तरी बोलायचं. पण तिला ते कधी जमलं नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं.

"तुला काय पडलं होतं यात?"

"मला बघायचं होतं."

"काय?"

"तुम्ही एकदा तरी म्हणता का, की मला नाही कळलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय, माझी पांढरी, माझी जीभ, माझं नाक. त्या ओळींत वाकून वाकून माझे गुडघे गेले, त्याचं कधी नाव निघालं नाही. म्हटलं, एकदा तरी ऐकू दे तुमच्या तोंडून."

"मग ऐकलंस?"

"कुठं? तुम्ही उठूनच आलात."

मला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरातलं असतं तर मी हीच गोष्ट पोट धरून सांगितली असती.

"बरं, केलं ते केलं," मी म्हटलं. "पण मी रोज हौदावर उभा राहून बडबडत होतो. तुला बोलावून वास देत होतो. एक दिवस तरी कानात सांगायचं."

"पहिल्या दिवशी सांगणार होते. राहिलं. मग दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं." तिनं ताटं उचलली. "मग ते वाढतच गेलं."

मी हौदाच्या शेडवर जाणं बंद केलं. मुंगी दारापर्यंत दोनदा-तीनदा आली, मी परसात निघून गेलो. मला तिचा राग कमी येत होता आणि दुःख जास्त होत होतं, म्हणून तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. आणि एक वेगळीच पंचाईत सुरू झाली. काही खाल्लं-प्यायलं की माझा माझ्यावर विश्वास बसेना. चहाचा घोट घेऊन मी हिला विचारायला लागलो, "साखर घातलीयस ना?" ती म्हणायची, "घातलीय." मग मला तो गोड लागायचा. ती नाही म्हणाली असती तर कडू लागला असता की काय, देव जाणे.

छाटणीच्या दिवसांत थोरला आला. मी पांढरीच्या ओळीत काम करत होतो, तो ओळीच्या टोकाला उभा राहिला.

"मुंगी जेवत नाही नीट," म्हणाला.

"जेवेल."

"मी तिला हरणार म्हणून सांगितलं होतं."

"कोण हरणार?"

"ती." तो ओळीत आत आला. "तिला म्हटलं होतं, तू उगाच कष्ट घेतेयस. तो घोट तोंडात घेईल आणि थुंकेल. म्हणेल, दादा, हे काय पाजतोयस मला. मी फावडं मारलं ते तुझ्या भरवशावर मारलं, धाकट्या. रोज वाट बघत होतो. हौदावर तू नाक खुपसायचास, मला वाटायचं, आज पकडेल. आज शिव्या घालेल. मी बादल्या घेऊन मुद्दाम समोरून जायचो."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

"आणि तू म्हणालास, पांढरी जास्त बोलतेय."

"मी खोटं बोलत नव्हतो, दादा."

"मला ठाऊक आहे."

"मला लागला जर्दाळू. खरंच लागला."

"तेच तर," तो म्हणाला. एवढं सलग तो माझ्याशी वडील गेले तेव्हाही बोलला नव्हता. "इतकी वर्षं मी काळी कच्ची तोडली, तुझ्या जिभेवर विसंबून. लोक म्हणायचे आणखी आठवडाभर ठेव, मी म्हणायचो, धाकट्याची पांढरी थांबायची नाही. फसवलं मी तुला, कबूल. पण मला काय वाटलं असेल, याचा विचार केलास?"

ज्यानं माझं अंथरूण फावड्यानं उपसलं, तोच माझ्यासमोर उभा राहून मला विचारत होता की तू मला का फसवलंस. आणि त्याचे डोळे बघून कळत होतं की तो नाटक करत नाहीये. माझ्या तोंडात घाणेरड्यात घाणेरडी शिवी आली होती. पण मोठा भाऊ पडला. आणि शिवी देऊन झाल्यावर परत ओळीत आम्ही दोघंच उरलो असतो.

मी म्हटलं, "येत्या हंगामाला पांढरी हौदात पडणार."

"कशासाठी?"

आधी विचारलं असतं तर मी दुपारभर सांगत बसलो असतो. रंग, वास, मध, जर्दाळू. आता त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

"हौद दोघांचा आहे," म्हटलं. "एवढ्यासाठीच."

तो वेलाकडं वळला. मग एक सुकी काडी त्यानं हातानंच मोडली, खिशात घातली, आणि म्हणाला, "मग आण."

मुंगीला ते पटलं नाही. पण बापानं शब्द दिला होता, म्हणून ती गप्प बसली. या वेळी मी तिच्या गप्प बसण्याचा काही अर्थ लावला नाही.

हंगाम आला. मी घड आणले, हौदात उतरलो, एकाला एक लावून अंथरले. पाठ मोडायची तशी मोडली. वर आलो आणि एक क्रेट पालथा घालून हौदाच्या काठाशी बसलो. काळी उतारावरून यायला अजून अवकाश होता.

आमची ही आली. "घरी चला, जेवून घ्या."

"इथंच आण."

तिनं माझ्याकडं बघितलं. जाऊन ताट घेऊन आली, आणि जरा लांब, शेडच्या दाराशी बसली. पहिल्यांदाच तिला कळेना की माझ्याजवळ कुठं बसायचं. मलाही ये म्हणवेना.

मी ताट मांडीवर घेतलं. जेवताना हौदाकडं तोंड करून बसलो होतो. थोरला पहिली गाडी घेऊन आला, मला तसा बसलेला बघून थांबला.

"अरे, जा ना घरी. आडवा हो जरा. मी आहे इथं."

"तू होतासच, दादा."

तो वळला आणि क्रेट उचलायला लागला. मुंगीनं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून काळी ओतली, धपकन. मग दुसरा क्रेट, मग तिसरा. अंथरूण-पांघरुणाचं कोणी काही बोललं नाही. पांढरी हळूहळू झाकत गेली. एका कोपऱ्यात काही मणी दिसत राहिले होते, तर मुंगी स्वतःच माझ्याकडं बघून म्हणाली, "तिकडं टाकते काका, बघ," आणि तिनं तिकडं टाकलं. मला दिसेल असं टाकलं.

सगळी झाकल्यावर मी उठलो. पाय बधिर झाले होते. ज्यासाठी बसलो ते झालं होतं, पांढरी हौदात होती, कोणी हात लावला नव्हता. आणि उठता उठता माझ्या डोक्यात आलं, की आता दर वर्षी असंच बसायला लागणार.